सहा फूट कमी पडलेलं छत

आमच्या घराच्या छताचा हिशेब चुकला, असं मी आजवर चारचौघांत कधी म्हटलेलं नाही. हिशेब बरोबरच होता. चुकलं ते छत. अठरा फूट व्हायचं ते बारा फुटांवर थांबलं, त्याला आमचे हे तरी काय करणार?

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि तशी गरजही पडत नाही, कारण घरात दुसरं कुणी इतक्या अधिकारानं बोलत नाही. ते गावातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. त्या काळी सोलापुरातल्या कुठल्याही कचेरीत गेलं तरी दोन-तीन कारकून असे निघायचेच, ज्यांच्या तळहातांना ह्यांच्या छडीची ओळख होती. ते रस्त्यानं निघाले की सायकलीवरची मोठी माणसं खाली उतरायची आणि हातातल्या बिड्या पाठीमागं जायच्या. हा मान त्यांना आवडायचा. घरातही तो मिळावा एवढी साधी त्यांची अपेक्षा होती, आणि मी ती पुरवत आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझीही पाठ कुणी थोपटणार नाही.

गणितावर त्यांचा भारी जीव. आमच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडे उभे राहून ते मांडवातली माणसं मोजत होते आणि प्रत्येकाच्या मुठीत किती अक्षता असतील, त्यावरून एकूण तांदूळ किती शेर गेले हे काढत होते. ही गोष्ट त्यांनीच मला पुढं कौतुकानं सांगितली. उत्तरही सांगितलं होतं, ते मी विसरले.

घर बाळीवेशीच्या आतल्या अंगाला. थोरली खोली अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, आणि वर माळवद. माळवद म्हणजे आडव्या तुळया, त्यांवर फळकुटं, फळकुटांवर पाला आणि सगळ्यांत वर हातभर पांढरी माती. सोलापूरच्या उन्हाळ्यात या छताखाली जे सुख आहे ते राजालाही मिळत नाही, असं इथले लोक सांगतात, आणि ते खरं आहे. फक्त ते सुख विंचवांनाही कळतं. फाल्गुन-चैत्रात वरची माती तापली की ते लाकडांच्या फटींतून खाली यायला लागतात. म्हणून निजायच्या जागेवर, पाळण्यावर, माळवदाखाली एक जाड चादर चारी कोपऱ्यांनी ताणून बांधायची आमच्याकडे पद्धत. वरून पडेल ते चादरीत पडतं. आठ दिवसांनी चादर सोडायची, अंगणात झटकायची, धुवायची आणि वाळली की परत बांधायची.

आमची पहिली मुलगी आठ महिन्यांची होती. चैत्रातली दुपार. चादर मी धुवायला काढली होती आणि ती तारेवर वाळत होती. वाळेपर्यंत पाळणा दुसरीकडे बांधावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. सुट्टीचा दिवस होता, हेसुद्धा घरीच होते, त्यांच्याही आलं नाही. मिलचा भोंगा झाला तेव्हा ती रडत होती. दिवेलागणीला थांबली. त्या दुपारबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना लागला असेल, एके सकाळी ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं की थोरल्या खोलीचं माळवद काढायचं आणि सिमेंटचं छत घालायचं. आत सळया, सगळं सलग, विंचवाला पाय रोवायला फट म्हणून नाही. त्या दोन वर्षांत त्यांनी मुलीचा विषय एकदाही काढला नव्हता. मला वाटायचं, विसरले. त्या सकाळी कळलं की विसरले नव्हते. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली, आणि त्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

मी एकच मागणं मागितलं. पाळण्याची कडी सिमेंटच्या आत, सळईला अडकवून बसवायची. लोहाराकडून कडी मी स्वतः घडवून घेतली. जागाही मी सांगितली, पूर्वेच्या खिडकीजवळ, जिथं वारा येतो. ह्यांनी मोजून ती पश्चिमेच्या भिंतीपासून पंधरा फुटांवर नक्की केली आणि कागदावर लिहून ठेवली.

आमच्या पेठेत तेव्हा सिमेंटचं छत कुणाचंच नव्हतं. स्टेशनाकडच्या बंगल्यांना होतं, मिलच्या इमारतींना होतं. महिनाभर शोधून गवंडी आम्हाला मिळाला तो मैंदर्गीचा, साठीकडे झुकलेला. उभा जन्म त्यानं दगड आणि चुन्यात काढला होता, आणि सिमेंटची दोन छतं मिलमध्ये हाताखालचा माणूस म्हणून घातली होती. बोलण्यात कानडी मिसळायचा आणि मला अक्का म्हणायचा. काम मी करतो, मालाचा अंदाज तेवढा मास्तरांनी काढावा, असं तो म्हणाला. असं कुणी म्हणायची आमचे हे जन्मभर वाटच पाहत होते.

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सिमेंटच्या व्यापाऱ्यानं एक चोपडं दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. या तीन आकड्यांवर हे भाळले. खोली अठरा फूट गुणिले बारा फूट, छताची जाडी चार इंच, म्हणजे एकूण बहात्तर घनफूट माल. एक, दोन आणि चार मिळून सात. बहात्तराला सातानं भागलं की सिमेंट आलं, त्याच्या दुप्पट वाळू, चौपट खडी. इतकं सोपं. पण सोप्या गोष्टीनं त्यांचं समाधान कसं व्हावं? त्यांनी खडी दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत काढली. खडी म्हणजे वडारणींनी उन्हात बसून हातोडीनं फोडलेले दगड. त्या बायकांना चौथं घर कुणी दाखवलं नव्हतं, एवढीच काय ती उणीव. सिमेंटची आठ पोती आणि वर थोडं असं उत्तर आलं. घटतूट धरून त्यांनी नऊ केली, आणि त्याच प्रमाणात वाळू-खडीही वाढवली. मग सगळा हिशेब सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

गवंड्यानं तो कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. मी दारातच तांदूळ निवडत होते. तो हळूच म्हणाला, "मास्तर, सुकं येगळं आन वलं येगळं. कालवलं की माल बसतोय बगा."

ह्यांनी त्याला समोर बसवलं आणि समजावून दिलं. सात पाट्या माल आहे, त्यात आणखी पाणी ओतलं, तर माप वाढेल की कमी होईल? वाढेल. मग बसतोय म्हणजे काय? वस्तू नाहीशी होत नाही, हे शास्त्र आहे. अर्धा तास चाललं. गवंडी मान हलवत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "व्हय की." आमच्याकडे हे दोन शब्द पटलं म्हणून वापरतात आणि बोलणं संपलं म्हणूनही वापरतात. ह्यांनी पहिला अर्थ घेतला.

तरी कागद जाणत्या माणसाच्या नजरेखालून जावा म्हणून सरकारी बांधकाम खात्यातल्या एका ओव्हरसियरला रविवारी बोलावलं. ह्यांचाच जुना विद्यार्थी, गणितात एकदा-दोनदा अडकलेला, पण पुढं पुण्याला शिकून आलेला. तोवर त्यानं दोन पूल बांधले होते म्हणे. आमच्या घरात तो खुर्चीच्या कडेवर, सांगितलं तर लगेच उठता यावं असा बसला. मी पोहे घेऊन आले तेव्हा कागद त्याच्या हातात होता आणि त्याचं बोट एका आकड्यावर थांबलेलं होतं. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा त्याच जागी थांबलं. ह्यांनी विचारलं, काही शंका आहे का. त्यानं एक घोट पाणी प्यायलं आणि अगदी बरोबर आहे म्हणाला. सरांनी सांगितलं म्हणून कागदाखाली 'तपासलं' असं लिहिलं, सही केली आणि गेला. पोहे अर्धे तसेच टाकून गेला. वर शेंगदाणे घातलेले पोहे सोलापूरचा माणूस टाकून उठतो, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, हे मला तिथंच ओळखता यायला हवं होतं.

छत घालायच्या आदल्या दिवशी मी शेंगाची चटणी करायला घेतली. छत झालं की मी बाळंतपणाला बार्शीला माहेरी जाणार होते, आणि मागं ह्यांच्या तोंडी लावायला पाच-सहा महिने पुरेल इतकी चटणी हवी होती. चार मापटी भाजलेले शेंगदाणे मोजले, दोन मापटी तीळ, आणि एक मापटं तिखट. एक मापटं तिखट जास्त वाटेल, पण आम्ही सोलापूरचे. कुटायच्या आधी सगळं एकत्र कालवून ठेवावं म्हणून सात मापटी मावतील असा मोठा डबा काढला, त्यात ओतलं, हलवलं आणि पाहिलं. डबा पाऊणसुद्धा भरला नव्हता. मोजलं तर पाच मापटीसुद्धा होत नव्हती.

मी काही शोध लावला नाही. ही गोष्ट कुठल्याही बाईला ठाऊक असते. शेंगदाण्यांच्या मधल्या फटींत तीळ जाऊन बसतात, तिळांच्या मधल्या फटींत तिखट. मोजताना सात, कालवल्यावर पाच. आजवर कितीदा तरी केली होती चटणी. पण चार, दोन आणि एक हे आकडे पंधरा दिवस कानांवर पडत होते, म्हणून त्या दिवशी हात थांबला. खडी, वाळू आणि सिमेंट. गवंडी म्हणत होता ते बसणं म्हणजे हेच.

मी डबा घेऊन ह्यांच्यासमोर गेले आणि सांगितलं. त्यांनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेंगदाणे मऊ असतात. खडी कठीण असते."

मी म्हटलं, चार-पाच पोती जास्त आणून ठेवावीत, उरली तर अंगणात ओटा होईल. त्यावर त्यांनी मला कागदाखालची ओव्हरसियरची सही दाखवली. एका बाजूला सरकारी माणसाची सही आणि दुसऱ्या बाजूला चटणीचा डबा. मी झाकण लावलं. डबा त्यांच्या वहीवर उपडा करायला हवा होता, गवंड्याला गाठून खोदून विचारायला हवं होतं, नाही तर निदान रुसून बसायला हवं होतं. माझं मूल त्या छताखाली निजणार होतं. मी चटणी कुटायला बसले. चटणी मात्र त्या खेपेला फार चांगली झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला काम सुरू झालं. माळवद आधीच उतरवून माती आणि लाकडं अंगणात रचून ठेवली होती. खोलीवर फळ्या ठोकल्या होत्या, खाली टेकू दिले होते आणि फळ्यांवर सळयांची जाळी बांधून तयार होती. पेठेतले सगळे बघायला आले होते. बायांची रांग शिडीवरून घमेली वर चढवत होती, गवंडी पश्चिमेच्या भिंतीपासून माल पसरत येत होता. हे धोतर खोचून वर उभे, हातात कागद. एक पोतं फुटलं की एक खूण. कडी माझ्या हातात होती. पंधरा फुटांवर पोचलं की मला हाक मारा, असं मी गवंड्याला सांगून ठेवलं होतं.

पाच पोती संपली तेव्हा छत निम्म्याच्या पुढं जायला हवं होतं. ते सात फुटांवर होतं. ह्यांनी गवंड्याला जाडी वाढवतोस म्हणून सुनावलं आणि मालात काडी खुपसून मोजलं. चार इंच, ना कमी ना जास्त. त्यांनी काडी पुसली, पुन्हा मोजलं आणि पुढं भरून निघेल असं म्हणाले. कशानं भरून निघेल ते कुणी विचारलं नाही. ओव्हरसियर येऊन कोपऱ्यात उभा होता, तो आभाळाकडे पाहत होता. गवंडी खाली पाहत होता. मी कडी या हातातून त्या हातात घेत होते.

दुपार कलली आणि माल संपला. आणि काय सांगू, संपला तोही एकाच वेळी. अंगणात ओंजळभर वाळू उरली नाही, पसाभर खडी उरली नाही आणि सिमेंटची नऊ पोती रिकामी होऊन घडी घालून ठेवलेली. तिन्ही वस्तू एकाच घमेल्यात संपाव्यात, इतका काटेकोर हिशेब मी जन्मात पाहिलेला नाही. छत बारा फुटांवर होतं. पुढं सहा फूट नुसत्या सळया आणि त्यांखाली फळ्या.

ओव्हरसियर सायकल घेऊन व्यापाऱ्याकडे धावला. तासाभरानं घामाघूम होऊन आला. गोदामात सिमेंट नव्हतं, होतं ते एका मिलच्या बांधकामानं उचललं होतं, आणि पुढची वॅगन यायला महिना होता. गवंडी मालावर हाताचा पंजा दाबून पाहत म्हणाला, "आता धरायला लागलंय मास्तर. मागनं जोड दिला तर तितं फट ऱ्हातिया."

फट म्हटल्यावर मला विंचवाची वाटच दिसली. सगळे ह्यांच्या बोलण्याची वाट पाहत होते आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. बाया घमेली धुवायला लागल्या. धुतलेली घमेली पुन्हा धुतली. ओव्हरसियरनं सायकलची साखळी तपासली. आमच्या ह्यांची शोभा होऊ नये म्हणून सगळी पेठ धडपडत होती, आणि ते वर उभे राहून कागदावरचा भागाकार पहिल्यापासून करून पाहत होते. ओठ हलताना मला खालून दिसत होते. उत्तर तेच येत होतं.

मी शिडी चढायला लागले. सातवा महिना होता. खालून बायांनी पदर धरला, तो मी सोडवून घेतला. डोकं छताच्या वर आल्यावर थांबले आणि गवंड्यापुढं कडी धरली.

"कडी हितं लावा," मी म्हटलं. "जिथवर झालंय तिथं."

गवंड्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी कागदाकडे पाहिलं. "कडीची जागा पंधरा फुटांवर आहे," ते म्हणाले.

"पंधरा फुटांवर छत नाही," मी म्हटलं. "दहा फुटांवर आहे. माझं मूल दहा फुटांवर निजेल."

चारचौघांत मी ह्यांच्यापुढं बोलले, ते पहिल्यांदा. आवाज चढवला नव्हता, पण अंगणातली घमेली वाजायची थांबली. ह्यांनी कागदाची घडी घातली, त्या घडीची पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवली. मग गवंड्याला दहा फुटांवर लाव म्हणाले आणि स्वतः खाली उतरले. फळीला खालून भोक पाडायला हवं होतं. गवंड्याचा सामता त्यांनीच हातात घेतला आणि टेकूंच्या मधे उभं राहून भोक पाडलं. ओला माल त्यांच्या टोपीवर आणि चष्म्यावर गळत होता. वरून कडी सळईत अडकून खाली आली, तेव्हा ती सरळ आहे का हे त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिलं आणि माल धरेपर्यंत तशीच धरून ठेवली.

मग एकेकाला कंठ फुटला. गवंडी संध्याकाळी हातपाय धुताना मला म्हणाला, "मला ठावं हुतं अक्का. पर मास्तरला कोन सांगनार?" ओव्हरसियर आठ दिवसांनी, हे शाळेत असताना, दारात येऊन उभा राहिला. सगळ्या भागांची बेरीज करून भागायचं नसतं हे त्याला कागद हातात घेताक्षणी दिसलं होतं. "पण काकू, सरांसमोर चूक हा शब्द माझ्या तोंडातून निघेना," असं म्हणून तो रडायच्या बेताला आला. दोन पूल बांधलेला माणूस. मी त्याला पाणी दिलं. त्याला काय बोलणार? मी धरून आम्हा तिघांना ठाऊक होतं, आणि तिघांनी मिळून एका माणसाचा मान राखला. तो इतका चोख राखला की छताला सहा फुटांचं भगदाड पडलं.

महिन्यानं सिमेंट आलं असतं, पण जोडाला फट राहणार म्हटल्यावर मीच नको म्हणाले. कमी पडलेल्या सहा फुटांवर अंगणातल्या त्याच तुळया, तीच फळकुटं आणि तीच माती परत चढवून माळवद केलं. बाहेर आलेल्या सळया गवंड्यानं वर वाकवून ठेवल्या, पुढंमागं कधी जोडता येतील म्हणून. त्या अजून वाकलेल्या आहेत.

बार्शीला मला मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाल्यावर मी सोलापूरला परत आले. थोरल्या खोलीत गेले तर कडीला दोन मण जोंधळ्याचं पोतं टांगलेलं. ती किती वजन पेलते याचा हिशेब ह्यांनी या खेपेला कागदावर केला नव्हता. पोतं पंधरा दिवस टांगून ठेवलं होतं. त्यांनी ते उतरवलं, पाळणा बांधला आणि तिला आत ठेवून बाजूला झाले. मी वर पाहिलं. राखाडी, सपाट, फळ्यांचे ठसे उमटलेलं छत. त्यातून काही पडणार नव्हतं. मी किती तरी वेळ वर पाहत उभी होते.

मग लक्षात आलं की ह्यांची खाट जागेवर नाही. ती पश्चिमेच्या भिंतीशी असायची. आता ती पूर्वेकडच्या सहा फुटांत, माळवदाखाली होती, आणि लिहायचं टेबलही तिथंच. मी विचारलं तेव्हा इथं उजेड चांगला येतो म्हणाले. खिडकी तिथं पहिल्यापासून होती. एवढी वर्षं त्यांना उजेड लागला नव्हता.

चूक झाली असं ते कधी म्हणाले नाहीत. शेजारणीचा मुलगा मात्र एकदा सांगत आला की सरांनी वर्गात शेंगदाणे, तीळ आणि तिखट आणून मापानं मोजून दाखवलं, आणि सात भागांचे पाचही कसे होत नाहीत हा त्यांचा शोध मुलांना फार आवडला. शोध कुठून लागला ते सरांनी सांगितलं नव्हतं. तेव्हा मधे माझ्या डब्यातले शेंगदाणे आणि तीळ कमी कसे झाले होते, याचा तेवढा शोध मला लागला.

त्या चैत्रात एका सकाळी केर काढताना त्यांच्या खाटेखाली चपलेनं ठेचलेला विंचू सापडला. तांबडा. तो केव्हा पडला, कुठं पडला, मारला कुणी, ह्यांनी काही सांगितलं नाही. मी केर भरला, आणि पेटीच्या तळाशी ठेवलेली ती जुनी जाड चादर काढली. तिची घडी मी तीन वर्षांत उलगडली नव्हती. स्टुलावर चढून चारी कोपऱ्यांनी ताणून त्यांच्या खाटेवर बांधली. ते वही तपासत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुढची वही ओढली.

याला आता कितीतरी वर्षं झाली. पाळणा कधीच उतरला, त्यात निजलेली मुलगी सासरी गेली. खाट अजून तिथंच आहे. हे लिहिलेलं ते वाचतील आणि फूट-इंच तपासतील, म्हणून आकडे मी जपून घातले आहेत. आठ दिवसांनी चादर धुवायला काढायची असते, तेव्हा मी आधी त्यांची खाट ओढून सिमेंटखाली आणते. ते पुस्तकातून डोकं वर न काढता खाटेवर बसल्या बसल्या येतात, आणि चादर वाळेपर्यंत तिथंच वाचत बसतात.